भिंतीतली मुकी तार

वाचकहो, महाडहून निघून रायगडाच्या वाटेला लागले, की पंचवीसेक किलोमीटरांवर पाचाड लागते. गडावरचा गार वारा राजमाता जिजाबाईंना मानवेना, म्हणून त्यांच्यासाठी महाराजांनी इथे वाडा बांधला, असे सांगतात. ६ जून १६७४ रोजी वर गडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, मातोश्रींनी पाचाडातच देह ठेवला. त्यांची समाधी, वाड्याचे तट आणि आतल्या विहिरी पाहावयास आजही माणसे येतात. इतिहासाच्या अध्यापकाने पाचाडाविषयी लिहावयाचे म्हणजे याच वाड्याविषयी लिहावे, अशी तुमची अपेक्षा असणार, आणि ती रास्त आहे.

पण आज मी लिहिणार आहे ते त्याच गावातल्या एका साध्या घराविषयी. हे घर आमचे आहे. त्याच्या भिंतीत टेलिव्हिजनची एक तार कितीतरी वर्षे नुसती पडून होती. आज तीच तार घरात इंटरनेट वाहून नेते. तुम्ही म्हणाल, तारेला कसला आलाय इतिहास? तर तो आहे, आणि आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. म्हणूनच तो लवकर विसरला जातो.

प्रथम गडाकडेच पाहू. सह्याद्रीतल्या कोणत्याही गडावर गेलात, की कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. ही टाकी नुसती पाण्यासाठी खोदली, असे आपण समजतो. वास्तविक तट, बुरूज आणि वाडे यांसाठी दगड हवा असे. तो गडावरच काढला, की मागे खड्डा राही, आणि त्या खड्ड्यात पावसाळ्याचे पाणी साठे. रायगडावरच्या गंगासागर तलावाविषयीही हेच सांगतात. एकाच खोदाईत दगडही मिळाला आणि पाणीही मिळाले. आपल्या पूर्वजांना ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती, की तिला त्यांनी काही वेगळे नाव दिले नाही. एका कामासाठी पाडलेली वाट दुसऱ्या कामाला लावणे, एवढेच ते होते.

आता तारेकडे वळू. टेलिव्हिजनची ती गोल, काळी किंवा पांढरी, करंगळीहून थोडी बारीक तार तुम्ही पाहिलेली असेलच. ती सोलून पाहिली, तर मधोमध एक गर्भतार असते. तिच्याभोवती पांढरा, फेसाळ प्लास्टिकचा थर असतो, त्यावर धातूचा पातळ पत्रा आणि बारीक तारांची जाळी, आणि सर्वांत बाहेर कातडीसारखे वेष्टन. गर्भतार आणि जाळी या दोहोंचा मध्य एकच, म्हणून इंग्रजीत हिला कोअ‍ॅक्सियल, आणि बोलताना नुसते कोअ‍ॅक्स, म्हणतात. अशा रचनेचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली घेतले होते. पुढे १९२९ साली अमेरिकेत एस्पेनशीड व ॲफेल या दोघांनी एकाच तारेतून अनेक संभाषणे व चित्रेही नेता येतील अशा स्वरूपात तिच्यासाठी अर्ज केला. हिचा गुण असा, की आतला संदेश बाहेर सांडत नाही आणि बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. बाहेरची जाळी तटासारखी राखण करते.

या तारेचे आणि डोंगराळ गावांचे नाते जुने आहे. केबल टेलिव्हिजन जन्मले ते काही मोठ्या शहरात नव्हे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया आणि ऑरेगॉन या प्रांतांत डोंगराआड वसलेल्या गावांना टेलिव्हिजनचे चित्र दिसेना, कारण लहरी डोंगर ओलांडीत नसत. तेव्हा तिथल्या काही खटपट्या माणसांनी उंचावर एरियल उभारली आणि तिथून तार ओढून खाली घराघरांत आणली. पाचाडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एका बाजूला रायगड उभा, आजूबाजूला डोंगर. संदेश हवेतून यायचा म्हटले, की आधी या डोंगरांची परवानगी काढावी लागते!

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुणेकरांसाठी सिंहगडावर मनोरा उभा राहिला, म्हणजे पुन्हा गडच उपयोगी आला. ऐंशीच्या दशकात मुंबईत एक नवी टूम निघाली. एखाद्या इमारतीतल्या लहानशा खोलीत व्हिडिओ कॅसेटचे यंत्र ठेवावयाचे, तिथून गच्चीवरून गच्चीवर कोअ‍ॅक्स तारा टाकावयाच्या आणि महिन्याच्या वर्गणीत घरोघर सिनेमे दाखवावयाचे. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रहावरून येणाऱ्या बातम्यांची चटक लावली. १९९२ च्या ऑक्टोबरात खाजगी हिंदी वाहिनी आली. वरून पतंगाच्या मांज्यासारख्या लोंबणाऱ्या या तारांना कायद्याची चौकट मिळाली ती १९९५ साली. तोपर्यंत शहरांतून नवी घरे बांधताना विजेच्या तारांबरोबर टी.व्ही.ची तारही भिंतीत घालण्याची पद्धत पडून गेली होती.

खेड्यांत हे सारे थोडे उशिरा पोचले. पाचाडसारख्या गावात केबलवाल्यापेक्षा छत्रीच सोयीची. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने थेट घरात येणारी मोफत सेवा सुरू केली, खाजगी कंपन्याही आल्या, आणि कौलांवर वाटोळ्या छत्र्या दिसू लागल्या. आमच्या घराची डागडुजी २००६ साली झाली, तेव्हा आम्हीही छत्री बसविली. घर जुने, दगडी. भिंती दोन-दोन फूट जाड. कारागिराने गिलाव्याखाली चर पाडून प्लास्टिकची नळी बसविली आणि छत्रीपासून दोन तारा आत आणल्या. एक ओटीवर, दुसरी मागच्या अंगाला माडीवरच्या खोलीत. दोन्ही तारा कौलांखालच्या पोटमाळ्यातून जात. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

पुढचे सर्वांच्या घरी घडले तेच आमच्याकडे घडले. माडीवरचा टी.व्ही. बिघडला, तो कोणी दुरुस्त केला नाही. २०१६ नंतर फोनवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि जो तो आपापल्या तळहातावर पाहू लागला. ओटीवरचा टी.व्ही. आणखी तीन-चार वर्षे चालला, मग तोही बंद. भिंतीतल्या तारा मुक्या झाल्या.

इथे मला एक कबुली द्यावयाची आहे. २०१८ साली गणपतीच्या आधी घराला रंग द्यावयाचा होता. माडीवरच्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेले तारेचे टोक मला डोळ्यांत खुपू लागले. मी रंगाऱ्याला म्हटले, "ते काप आणि वरून लांबी भरून टाक." धाकटा भाऊ म्हणाला, "राहू दे, असू दे." मी ऐकले नाही. मुलांना वर्गात मी सांगतो, की जुना कागद निरुपयोगी वाटला तरी फाडू नका. आणि माझ्याच घरातला एक दस्तऐवज मी हसत हसत बुजवून टाकला.

२०२२ साली गावात काचतंतूची, म्हणजे फायबरची, तार आमच्या ओटीपर्यंत आली. आनंद झाला. पण तो ओटीवरच संपला. भावाची मुलगी बारावीला. तिची अभ्यासाची जागा माडीवर, मागच्या खोलीत. प्रवेशपरीक्षेचे वर्ग, सराव-पेपर सारे इंटरनेटवर, आणि माडीवर काही पोचेना. रात्री नऊ-दहा वाजता ती ओटीवर येऊन बसे. घरात येणारे-जाणारे, गडावरून उतरलेले पाहुणे, पावसाळ्यात ओटीवर येणारे झोत. चिडून ती एकदा म्हणाली, "काका, गड चढून जाईन, पण हे असं नको."

नेट ओटीवर येते आणि माडीवर का येत नाही, याचे कारण साधे आहे. रेडिओची मध्यम लहर शेकडो मीटर लांब असते. तिला आमच्या भिंतीचे काही वाटत नाही. म्हणूनच आजोबांचा रेडिओ माजघरातही खणखणीत वाजे. घरातल्या वायफायची लहर मात्र १२ सेंटीमीटरांची, आणि दुसऱ्या, अधिक वेगाच्या पट्ट्यात ६ सेंटीमीटरांची. दोन फूट दगड, त्यात कोकणचा चार महिने मुरलेला ओलावा. दोन भिंती ओलांडेपर्यंत तिच्यात जीव उरत नाही. नवी तार टाकावयाची, तर पुन्हा भिंती फोडणे आले. भावाने गवंड्याशी बोलणीही सुरू केली होती.

त्याच सुमारास मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. तेव्हा संगणकाच्या खोलीत एका पातळ काळ्या तारेने सारी यंत्रे एकमेकांना जोडलेली असत. एका टोकाची टोपी निघाली, की सगळी खोली बंद! ती तार कोअ‍ॅक्सच होती. संगणक जोडण्याची जी इथरनेट पद्धत आज जगभर आहे, तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती अमलात आणली, ती कोअ‍ॅक्स तारेवरच. पुढे टेलिफोनसारख्या पिळाच्या तारा स्वस्त व सोयीच्या ठरल्या आणि कोअ‍ॅक्स मागे पडली. तेव्हा टी.व्ही.च्या तारेतून इंटरनेट नेणे म्हणजे काही अघटित नव्हे. ती माहेरी परत येण्यासारखी गोष्ट आहे. फरक इतकाच, की संगणकाची जुनी तार ५० ओहमची आणि टी.व्ही.ची ७५ ओहमची. त्यामुळे संगणक थेट तिला लावता येत नाही, मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो.

असे दुभाषे आज तयार मिळतात. २००४ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन याचे मानक ठरविण्यासाठी एक संघ काढला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'मोका' असे नाव झाले. आपल्या राज्याच्या १९९९ सालच्या 'मोक्का' कायद्याशी याचा काही संबंध नाही, बरं का! या पद्धतीत तारेच्या दोन्ही टोकांना एकेक लहान डबी बसवावयाची. ओटीवरची डबी इंटरनेटच्या पेटीतून आलेला संदेश उच्च कंपनसंख्येच्या लहरींवर चढविते, माडीवरची तो उतरवून घेते. या लहरी साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. २०१६ च्या सुधारित मानकाची कमाल क्षमता सेकंदाला अडीच गिगाबिट आहे, आणि एका तारेवर १६ डब्यांपर्यंत बसू शकतात. घरगुती कामाला ही क्षमता पुरून उरते.

तत्त्व समजले, पण तारेचे माडीवरचे टोक कुठे होते? मी बुजविलेले! रंगाचे दोन हात आणि चार वर्षे वर चढलेली. कारागीर गाव सोडून गेलेला. भाऊ आणि मी भिंतीवर बोटे वाजवीत उभे होतो. आई खाली माजघरात होती. जिना चढणे तिला आता जमत नाही. खालूनच तिने विचारले, "काय ठोकताय रे?" सांगितले. ती म्हणाली, "अरे, कोनाड्याच्या उजव्या अंगाला, हातभर खाली. त्या दिवशी धूळ पडून देवाची फुलपात्रं मळली होती, मला चांगलं आठवतंय." लांबी खरवडली. टोक तिथेच होते. मी कापले होते तरी नळीच्या तोंडाशी दोन बोटे तार शिल्लक होती. तेवढ्यावर सारे तरले.

यापुढचे काम कोणालाही समजेल असे आहे, म्हणून क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, छत्री तोडणे. छत्रीतून येणाऱ्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे दोघांचा पट्टा एकच. शिवाय छत्रीच्या तोंडावरच्या यंत्राला टी.व्ही.ची पेटी त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठविते. तेव्हा छत्री चालू ठेवून त्याच तारेवर नेट नेऊ पाहणे म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. छत्री तोडल्याने आणखी एक लाभ झाला. वळवाच्या विजांना छपरावरून तारेवाटे घरात येण्याचे एक दार बंद झाले. दुसरी गोष्ट, ओटीची तार आणि माडीची तार पोटमाळ्यात कौलांखाली, कोरड्या जागी, एका जोडनळीने एकमेकींना जोडल्या. जी वाट आकाशातून खाली येत होती, ती आता ओटीवरून वर जाऊन पुन्हा माडीत उतरू लागली. तिसरी गोष्ट, टोकांवरची जुनी पिळून बसविलेली बोंडे फेकून दिली. त्यांत हिरवी पूड धरली होती. तांब्याला ओल लागली, की असे होते. तार इंचभर मागे कापून, चकचकीत तांबे दिसल्यावर दाबून बसविण्याची नवी बोंडे लावली.

डब्या लावण्याआधी तार शाबूत आहे की नाही, हे पाहून घ्यावे. दोन्ही टोके मोकळी ठेवून एका टोकाला गर्भतार आणि जाळी क्षणभर एकमेकींना टेकवावी आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावावा. मीटर बोलला, तर तार अखंड. टेकविलेले सोडले आणि तरीही मीटर बोलतच राहिला, तर आत कुठे खिळा गेला आहे असे समजावे. ज्यांच्याकडे एकाच तारेच्या अनेक शाखा करणारी विभाजक डबी आहे, त्यांनी तिच्यावरचा आकडा वाचावा. जुन्या डब्या बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतात, त्या बदलाव्या लागतात. आणि शहरात इमारतीची तार शेजाऱ्यांशी जोडलेली असेल, तर बाहेरच्या तोंडाशी गाळणी बसवावी आणि डब्यांना परवलीचा शब्द द्यावा. नाही तर आपल्या घरातले बोलणे शेजारच्या भिंतीत जावयाचे.

कोणी म्हणेल, नळी होती तर जुनी तार ओढून नवीच का नाही घातली? तोही मार्ग उत्तम आहे. जुन्या तारेच्या शेपटीला नवी बांधावयाची आणि दुसऱ्या टोकाने जुनी ओढून घ्यावयाची. मग मुकी तार निदान दोरी म्हणून तरी उपयोगी पडते. आमच्याकडे नळीला दोन काटकोन होते, तार हलेना. जोर केला असता, तर तीही गेली असती. म्हणून आहे तिलाच कामाला लावले. डब्यांच्या जोडीला काही हजार रुपये पडले. भिंत फुटली नाही. संध्याकाळी पुतणी माडीवर गेली आणि रात्री जेवायला हाक मारावी लागली.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. घरातली वाट कितीही चांगली असली, तरी बाहेरची तुटली की सारे संपले. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला, तेव्हा वीज आणि फोन यांवाचून माणसे कशी अडकली, ते या भागात कोणी विसरणार नाही. नवे घर बांधणाऱ्याने तर जुन्या तारेच्या नादी लागूच नये. रुंद नळी, कमी वळणे आणि संगणकाची पिळाची तार पहिल्यापासून घालावी.

वाचकहो, हे आमच्या घरापुरतेच नाही. टेलिफोनच्या तांब्याच्या जोडतारा माणसाच्या आवाजासाठी, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या आतल्या कंपनांसाठी, टाकल्या होत्या. २००५ पासून आपल्याकडे त्याच तारांतून वरच्या पट्ट्यात ब्रॉडबँड धावू लागले. मुंबई-पुण्यात काही केबलवाल्यांनी सिनेमांच्या तारेतूनच इंटरनेट दिले. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेलने रुळांच्या कडेची जमीन काचतंतूंना दिली. लंडनमध्ये दाबाच्या पाण्यावर याऱ्या आणि लिफ्ट चालविणारी एक कंपनी होती. तिचे सुमारे १८० मैलांचे नळ रस्त्यांखाली होते. १९७७ साली ती बंद पडली, आणि पुढे त्याच नळांतून दूरसंचाराच्या तारा गेल्या. वाट पाडण्याचे कष्ट सर्वांत मोठे असतात, आणि ज्यासाठी ती पाडली ते काम संपले तरी वाट शिल्लक राहते.

मात्र ती शिल्लक राहिली तरी कुठे आहे, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. आमच्या घरी ते आईला ठाऊक होते, आणि तेही फुलपात्रे मळली म्हणून. आणखी दहा वर्षांनी कोणाला विचारले असते? इतिहासाचा अध्यापक म्हणून मला याची लाज वाटली, आणि ती वाटणे योग्यच होते. आपल्या घरातल्या नळ्या, पाइप, तारा कोठून कोठे गेल्या, हे आपण लिहून ठेवीत नाही. गिलावा होण्यापूर्वी भिंतीचे एक छायाचित्र काढावयाचे आणि कागदावर चार रेघा ओढावयाच्या, एवढे हे काम.

गेल्या दिवाळीत पुतणीने आमच्या घराचा तसा नकाशा काढला. ओटी, माजघर, माडी, पोटमाळा, कोनाडा, आणि त्यांतून जाणारी तांबड्या पेन्सिलीची रेघ. आईला वाचून दाखविला. तिने एक चूक काढली. विजेची एक नळी आम्ही डावीकडे दाखविली होती, ती उजवीकडे होती. दुरुस्त केला, खाली तारीख घातली, आणि घराच्या सातबाऱ्याच्या कागदांत ठेवून दिला.